गार्नेटचे दोन सौदे

गेल्या सत्रात आमच्या बास्केटबॉलच्या मुलांमध्ये एक वाद बरेच दिवस चालला होता. अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये २०१३ साली ब्रुकलिन नेट्स या संघाने बॉस्टन सेल्टिक्सकडून केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स हे दोन मुरलेले खेळाडू घेतले. त्यांच्या बदल्यात पुढच्या अनेक वर्षांत नवे तरुण खेळाडू निवडण्याचे आपले हक्क देऊन टाकले. नंतर ब्रुकलिनची जी दैना झाली ती बास्केटबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुलांचा निकाल एकमुखी होता : शुद्ध मूर्खपणा. मी एवढेच विचारले, की हे तुम्हाला सौद्याच्या दिवशी कळले असते का, आणि कशावरून? त्यावर कोणाला धड उत्तर देता येईना. मराठी पानासाठी काही लिहा, असा तगादा होताच. म्हणून हा विषय घेतला.

हा विषय मला आवडण्याचे आणखी एक कारण आहे. हाच गार्नेट सहा वर्षांपूर्वी, २००७ साली, अशाच एका सौद्यात विकला गेला होता. तेव्हा बॉस्टनने तरुण मुले देऊन त्याला आणले. २०१३ मध्ये त्याच बॉस्टनने त्याला देऊन तरुण मुले मिळवण्याचे हक्क घेतले. दोन्ही वेळा बॉस्टनच्या बाजूने टेबलावर बसलेला माणूसही एकच, डॅनी एन्ज. आणि दोन्ही वेळा बॉस्टनचे फावले. म्हणजे 'तारुण्य द्यावे की अनुभव घ्यावा' या प्रश्नाला एकच उत्तर नाही, हे उघड आहे. मग फरक कशात होता?

पालकांपैकी ज्यांना या लीगची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एनबीएमध्ये एका संघाने दुसऱ्या संघाचा खेळाडू नुसते पैसे टाकून उचलता येत नाही. अदलाबदल करावी लागते. पगाराची ठरलेली मर्यादा ओलांडलेल्या संघांना दोन्ही बाजूंच्या पगारांचा मेळही साधारण घालावा लागतो. त्यामुळे अशा सौद्यांत काही खेळाडू केवळ आकडा जुळवण्यासाठी इकडून तिकडे जातात. दुसरी गोष्ट ड्राफ्टची. दरवर्षी जूनमध्ये कॉलेजांतून आणि परदेशांतून येणाऱ्या नव्या मुलांना संघ पाळीपाळीने निवडतात. जो संघ दुबळा ठरला त्याची पाळी लवकर येण्याची शक्यता जास्त; अगदी वरचे क्रमांक सोडतीने ठरतात, पण त्या सोडतीत दुबळ्या संघाच्या चिठ्ठ्या अधिक असतात. ही पाळी, म्हणजे निवडीचा हक्क, संघ दुसऱ्याला देऊ शकतो. तोही आजचाच नव्हे, तर आणखी चार-पाच वर्षांनी येणारासुद्धा.

हा हक्क म्हणजे पुढच्या तारखेचा चेक समजा. पण साधा चेक नव्हे, त्यावर रक्कम लिहिलेली नसते. रक्कम त्या तारखेला ठरते आणि ती विचित्र रीतीने ठरते : चेक देणारा त्या वर्षी जितका कंगाल असेल तितकी रक्कम मोठी. संघ उत्तम खेळला तर त्याचा हक्क तिसाव्या क्रमांकाच्या आसपास जातो, त्याला फारशी किंमत नसते. संघ रसातळाला गेला तर तोच हक्क पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाचा ठरतो. हे एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे सोपे आहे.

आता २००७ कडे वळू. त्या मोसमात बॉस्टनने ८२ पैकी २४ सामने जिंकले होते आणि मध्ये सलग १८ हरले होते. लीगमध्ये शेवटून दुसरे. सोडतीत पहिला-दुसरा क्रमांक लागला तर ग्रेग ओडेन किंवा केविन ड्युरंट मिळेल, ही सगळ्या शहराची आशा होती. लागला पाचवा. संघातला एकच मोठा खेळाडू, पिअर्स, तिशीला आलेला. एन्जने मग रस्ताच बदलला. ड्राफ्टच्या रात्री पाचव्या क्रमांकावर निवडलेला जेफ ग्रीन आणि आणखी दोन खेळाडू सिअ‍ॅटलला देऊन त्याने रे ॲलन आणला, वय बत्तिशीच्या उंबरठ्यावर. महिनाभराने, ३१ जुलैला, मिनेसोटा टिंबरवुल्व्जकडून गार्नेट आणला. त्याच्यासाठी पाच खेळाडू दिले : ॲल जेफरसन, रायन गोम्स, जेरल्ड ग्रीन, सेबॅस्टियन टेलफेअर आणि थिओ रॅटलिफ. शिवाय पहिल्या फेरीचे दोन हक्क आणि काही रोख रक्कम. एका खेळाडूसाठी एवढे काही देणे तोवर लीगमध्ये घडले नव्हते.

या पाचांतला खरा दागिना जेफरसन. वय २२, उंच, टोपलीच्या खाली पाय रोवून खेळणारा. आदल्या मोसमात सामन्यामागे १६ गुण आणि ११ रिबाउंड. गार्नेट ३१ वर्षांचा होता. शाळेतून थेट लीगमध्ये आलेला, बारा मोसम एकाच संघासाठी झिजलेला, २००४ चा सर्वोत्तम खेळाडू, पण अंतिम फेरी एकदाही न पाहिलेला. मिनेसोटाकडून हा सौदा करणारा केविन मॅकहेल हा एकेकाळी बॉस्टनमध्ये एन्जचाच सहकारी, १९८४ आणि १९८६ च्या विजेत्या संघांतला. साहजिकच मॅकहेलने जुन्या मित्राला खैरात वाटली, असे मिनेसोटात अजूनही बोलले जाते. मला ते पटत नाही, त्याकडे पुढे येतो.

पुढच्या मोसमात बॉस्टनने ६६ सामने जिंकले. २४ वरून ६६. एका वर्षात इतकी झेप त्याआधी कोणी घेतली नव्हती. अंतिम फेरीत लेकर्सविरुद्धचा सहावा सामना १३१–९२ असा जिंकून त्यांनी १९८६ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. गार्नेट त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. २०१० मध्ये ते पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले आणि सातव्या सामन्यात चार गुणांनी हरले.

इथे मुले म्हणतात, 'झाले ना सर, जिंकले म्हणजे बरोबर.' नाही. जिंकले हे खरे, पण बरोबर का होते ते सौद्याच्या कागदात शोधायला हवे, कपात नव्हे. बॉस्टनने दिलेल्या दोन हक्कांपैकी एक मिनेसोटाचाच जुना होता, तो परत केला. दुसरा बॉस्टनचा स्वतःचा, २००९ सालचा. गार्नेटने सौद्याबरोबरच आपला करार तीन वर्षांनी वाढवला, म्हणजे तो २०१२ पर्यंत बांधलेला होता. आता तारखा जुळवून पाहा. चेकची तारीख २००९, माणूस हाताशी २०१२ पर्यंत. चेक वटणार त्या वर्षी गार्नेट खेळत असणार, संघ चांगला असणार आणि म्हणून चेकची रक्कम क्षुल्लक असणार. तसेच झाले, तो हक्क २८ व्या क्रमांकाचा निघाला. हे २००७ च्या जुलैतही कोणाला बोटांवर मोजता आले असते. शिवाय एन्जने सगळी तरुण मुले दिली नव्हती. रेजॉन रोंडो आणि केंड्रिक पर्किन्स हे विशीतले दोघे त्याने ठेवून घेतले. म्हाताऱ्यांच्या शेजारी उभे राहून तेच पुढे संघाचे कणे झाले. बियाण्याचे सगळे धान्य दळायला दिले नव्हते.

मिनेसोटाच्या बाजूने पाहिले तर तरुण घेणेही चुकीचे नव्हते. गार्नेट असतानाही तो संघ तीन वर्षे प्लेऑफला पोहोचला नव्हता आणि आणखी एक-दोन वर्षांत गार्नेटचा भाव उतरणार होता. जेफरसननेही निराश केले नाही. पहिल्याच मोसमात सामन्यामागे २१ गुण. पण २००९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. त्याच वर्षी, बॉस्टनकडून परत मिळालेल्या आपल्या हक्कावर, सहाव्या क्रमांकाला, मिनेसोटाने जॉनी फ्लिन हा गार्ड निवडला. सातव्या क्रमांकाला गोल्डन स्टेटने स्टीफन करी घेतला. फ्लिन तीन मोसमांत लीगबाहेर गेला. करीबद्दल मी काय सांगावे! म्हणजे मॅकहेलने जे मिळवले ते तेव्हा वाजवी होते. त्याचे पुढे काय केले, हा वेगळा हिशेब. त्याच्या डोक्यावर दोन्ही हिशेब एकत्र मांडले जातात. मिनेसोटा पुन्हा प्लेऑफला पोहोचला तो थेट २०१८ मध्ये. 'तरुणांवर भिस्त ठेवा, भविष्य उज्ज्वल आहे' असे डोळे मिटून म्हणणाऱ्यांनी ही दहा वर्षे जरूर वाचावीत. तारुण्य हाताशी असणे आणि त्याचे काही होणे, यांत फार अंतर आहे.

आता २०१३. ब्रुकलिनने आदल्या मोसमात ४९ सामने जिंकले होते, पण पहिल्याच फेरीत शिकागोकडून सातव्या सामन्यात हार खाल्ली होती. संघ न्यू जर्सीहून नुकताच ब्रुकलिनला आलेला, नवे स्टेडियम, आणि मालक मिखाईल प्रोखोरोव्ह हा रशियन धनाढ्य, ज्याने २०१० मध्ये संघ घेतानाच पाच वर्षांत विजेतेपदाची भाषा केली होती. वर्षे संपत आली होती. जूनमधल्या ड्राफ्टच्या रात्री सौदा ठरला, जुलैत पक्का झाला : गार्नेट, पिअर्स, जेसन टेरी आणि आणखी एक खेळाडू ब्रुकलिनला. बदल्यात पाच खेळाडू, बहुतेक पगाराचा आकडा जुळवणारे, आणि पहिल्या फेरीचे हक्क २०१४, २०१६ आणि २०१८ चे. शिवाय २०१७ मध्ये बॉस्टनला हवे असल्यास दोघांनी आपापल्या पाळ्यांची अदलाबदल करायची.

ही एकाआड एक वर्षे पाहून कोणाला वाटेल, ब्रुकलिनने हात आखडता घेतला. तसे नाही. १९८० च्या सुमारास क्लीव्हलँडच्या संघाचे मालक टेड स्टेपियन यांनी आपले हक्क इतक्या सढळ हाताने वाटले, की लीगला नियम करावा लागला : पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचा एकही हक्क हाती नाही, अशी स्थिती कोणत्याही संघाने ओढवून घ्यायची नाही. लोक त्याला स्टेपियनचा नियम म्हणतात. म्हणून मधली वर्षे सोडलेली. आणि २०१७ साठी 'हक्क देत नाही, फक्त बदलतो' ही पळवाट. नियम उधळ्यांना आवरण्यासाठी होता. त्याने जितके देऊ दिले तितके ब्रुकलिनने दिले.

पुन्हा तारखांकडे या. गार्नेट ३७ वर्षांचा, करार २०१५ पर्यंत. पिअर्स ३५ वर्षांचा, करार फक्त २०१४ पर्यंत. चेकच्या तारखा २०१४, २०१६, २०१७, २०१८. चारपैकी तीन चेक अशा वर्षांचे, जेव्हा ज्यांच्यासाठी ते लिहिले ते दोघेही करारात नसणार, बहुधा खेळातच नसणार. संघ रिकामा असणार, म्हणून रक्कम मोठी असणार. आणि रिकामा संघ भरायला जो ड्राफ्ट लागतो तोच दुसऱ्याच्या नावे असणार. ऋण काढून सण म्हणतात तो हाच, आणि इथे सण दोन वर्षांचा, ऋण पाच वर्षांचे. मुलांना मी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर : हो, त्याच दिवशी कळले असते. त्यासाठी भविष्य पाहावे लागत नव्हते, वये आणि कराराच्या तारखा शेजारी-शेजारी लिहिल्या की पुरे होते.

प्रत्यक्ष खेळात काय झाले ते थोडक्यात. डिसेंबरमध्ये ब्रुक लोपेझ या सेंटरचे पाऊल मोडले. त्या मोसमात तो १७ सामनेच खेळला. प्रशिक्षक जेसन किड आदल्याच वर्षी खेळाडू म्हणून निवृत्त झालेला, पहिल्यांदाच बाकावरून संघ चालवत होता. गार्नेट ५४ सामने खेळला, सरासरी साडेसहा गुण. तरी एक क्षण असा होता, की सौदा सार्थकी लागल्यासारखे वाटले. पहिल्या फेरीत टोरांटोविरुद्धच्या सातव्या सामन्यात, ब्रुकलिन एका गुणाने पुढे असताना, काइल लाउरीचा शेवटचा शॉट पिअर्सने अडवला. १०४–१०३. असल्या क्षणासाठीच तर मुरलेला माणूस आणतात. पण पुढच्या फेरीत मायामीने त्यांना पाचच सामन्यांत घरी पाठवले. उन्हाळ्यात पिअर्स वॉशिंग्टनला गेला. २०१५ च्या फेब्रुवारीत गार्नेट गेला, तोही कुठे, तर मिनेसोटाला. मग ब्रुकलिनने तीन मोसमांत अनुक्रमे २१, २० आणि २८ सामने जिंकले.

त्या हक्कांतून बॉस्टनला २०१६ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जेलन ब्राऊन मिळाला. २०१७ मध्ये अदलाबदलीने थेट पहिला क्रमांक हाती आला. एन्जने तो फिलाडेल्फियाला देऊन त्यांचा तिसरा क्रमांक आणि वर आणखी एक हक्क घेतला आणि तिसऱ्यावर जेसन टेटम निवडला. २०१८ चा आठवा क्रमांक त्याआधीच कायरी अर्व्हिंगच्या सौद्यात क्लीव्हलँडला गेला होता. ब्राऊन आणि टेटम यांच्या जोरावर बॉस्टनने २०२४ मध्ये डॅलसला हरवून विजेतेपद मिळवले. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ब्राऊन.

या शेवटच्या परिच्छेदावरून ब्रुकलिनला शिक्षा देऊ नये, असे माझे म्हणणे आहे. ब्राऊन आणि टेटम इतके मोठे होतील हे २०१३ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. ते दोघे तेव्हा शाळेत होते. त्याच हक्कांतला पहिला, २०१४ चा, बॉस्टनने जेम्स यंग या मुलावर खर्च केला आणि त्यातून काही निघाले नाही. चारही हक्क यंगसारखे फुकट गेले असते, तर आज या सौद्याची कोणी आठवणही काढली नसती. आणि तरीही तो वाईटच सौदा राहिला असता. लोपेझच्या पावलाचेही तसेच. ते मोडले नसते तर ब्रुकलिन कदाचित आणखी एक फेरी पुढे गेला असता. २०१६, २०१७ आणि २०१८ च्या तारखा मात्र तिथेच उभ्या होत्या. दुखापत, सोडत, निवडलेल्या मुलाचे नशीब हे निर्णय घेणाऱ्याच्या हातात नसते. कागदावरच्या तारखा असतात.

आपल्याकडे सौदे होत नाहीत, पण हाच हिशेब दरवर्षी आंतरहाऊस स्पर्धेच्या वेळी समोर येतो. पाचही जण बारावीचे उतरवले तर ढाल जवळजवळ नक्की. मार्चमध्ये ते पाचही जण शाळा सोडून जातात आणि पुढच्या वर्षी अकरावीच्या ज्या मुलांना कोर्टवर उभे करायचे, त्यांनी खऱ्या सामन्यात चेंडूला हात लावलेला नसतो. बाकावर बसलेल्या नववीच्या मुलाचे आईवडील विचारतात, 'आमचा मुलगा कधी खेळणार?' त्यांना मी रोंडोचे उदाहरण देतो. तो २१ वर्षांचा असताना त्याच्या एका बाजूला पिअर्स, दुसऱ्या बाजूला ॲलन आणि मागून बचावाची प्रत्येक हालचाल ओरडून सांगणारा गार्नेट होता. त्याला सगळे काही येत होते म्हणून खेळवले नाही. त्या तिघांमध्ये तो शिकेल म्हणून खेळवले. उलट बारावीचे कॅडेट कधी कधी कुरकुरतात, की सर लहान मुलांना घालून आमचे शेवटचे वर्ष वाया घालवतात. त्यांचेही खरे आहे. त्यांच्याकडे पुढचे वर्ष नाही आणि गार्नेटकडेही २००७ मध्ये फारशी वर्षे उरली नव्हती. दोघांच्या वेळापत्रकांचा मेळ घालणे हे प्रशिक्षकाचे काम, आणि ते दरवर्षी जमतेच असे नाही.

ज्यांना या कसोटीवर आणखी एखादा सौदा घासून पाहायचा असेल त्यांच्यासाठी २०१९ चा एक सुचवतो. मी स्वतः त्यावर अजून दोन्ही बाजूंनी बोलू शकतो, म्हणून तो अवघड. लॉस एंजेलिस क्लिपर्सने ओक्लाहोमा सिटीकडून २९ वर्षांचा पॉल जॉर्ज घेतला. दिले काय, तर नुकताच पहिला मोसम संपवलेला शे गिल्जस-अलेक्झांडर, एक अनुभवी फॉरवर्ड, पहिल्या फेरीचे पाच हक्क आणि दोन वर्षांच्या पाळ्यांची अदलाबदल. तारखांच्या हिशेबाने ही ब्रुकलिनचीच नक्कल वाटते. पण जॉर्ज आला म्हणूनच कवाय लेनर्डही त्यांच्याकडे आला. म्हणजे एकाच्या किमतीत दोन. २०२१ मध्ये क्लिपर्स आपल्या इतिहासात प्रथमच विभागीय अंतिम फेरीत पोहोचले. पलीकडे गिल्जस-अलेक्झांडर २०२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ओक्लाहोमा सिटी विजेता. जॉर्ज २०२४ मध्ये फिलाडेल्फियाला निघून गेला. त्याच्यासाठी क्लिपर्सने लिहून दिलेला शेवटचा हक्क २०२६ च्या ड्राफ्टचा आहे.